हरकतीची वही

आमच्या इमारतीचा युद्धाला विरोध आहे. तसं कापडावर लिहून दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीला बांधलेलंच आहे, तेव्हा शंका घ्यायला जागा नाही. आमची म्हणजे मी जिथे नोकरी करते ती इमारत. चौऱ्याऐंशी घरं, दोन लिफ्ट, एक सभागृह आणि जिन्याखाली माझं ऑफिस. बावीस वर्षं मी इथली कारकून आहे. पत्रं टाइप करायची, किल्ल्या सांभाळायच्या, नोटिसा लावायच्या आणि चौऱ्याऐंशी घरांची कुरकुर ऐकायची. रहिवासी मला नावाने हाक मारत नाहीत. ‘ऑफिसला विचारा’, ‘ऑफिसला सांगा’ असंच म्हणतात. मीही आता फोन उचलून ‘ऑफिस बोलतंय’ म्हणते.

युद्ध कुणाचं म्हणाल, तर आपलंच. सरकारने एका संध्याकाळी समुद्रापलीकडच्या एका देशावर विमानं पाठवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्याला कळवलं. संसदेला सुट्टी होती. खासदारांना म्हणे एक पत्र गेलं होतं, की अमुक तारखेपर्यंत लेखी हरकत आली नाही तर मंजुरी आहे असं समजण्यात येईल. निम्म्यांनी ते पत्र फोडलंच नाही. उरलेल्यांनी फोडून, वाचून मूग गिळले. झाली मंजुरी. सरकारचा प्रवक्ता टीव्हीवर हे समजावून सांगत होता तेव्हा मी इस्त्री करत होते. लाज वाटायला हवी होती, पण मला आधी हसूच आलं. अहो, ही तर माझी पद्धत!

आमच्याकडे सगळं असंच ठरतं. सभेला कुणी फिरकत नाही, म्हणून माझ्या आधीच्या कारकुनाने ही युक्ती काढली आणि नियमावलीत घालून घेतली. विषय बोर्डावर लावायचे, खाली अध्यक्षांची सही घ्यायची आणि लिहायचं, ‘सात दिवसांत लेखी हरकत न आल्यास ठराव मंजूर समजण्यात येईल.’ हरकत घ्यायची तर ऑफिसात यायचं आणि हरकतीच्या वहीत स्वतःच्या हाताने नाव, घर क्रमांक आणि कारण लिहायचं. कुणाही रहिवाशाने वही मागितली की दाखवायची. बावीस वर्षांत वहीची अकरा पानं भरली. त्यातली सात कुत्र्यांबद्दल आहेत.

आमचे अध्यक्ष निवृत्त प्राध्यापक. कुठलंही वाक्य ते ‘तत्त्वतः’ने सुरू करतात, म्हणून वॉचमनने त्यांचं नाव तत्त्वतःच ठेवलंय. युद्ध सुरू झालं आणि तत्त्वतःंच्या अंगात वारं शिरलं. त्यांनी एक नागरिक मंच काढला, निवेदन लिहिलं, चौथ्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाईंना चिटणीस केलं. निवेदनात मागण्या दोन. लोकप्रतिनिधींना न विचारता सुरू केलेली ही कारवाई ताबडतोब थांबवा, आणि तिथून जीव मुठीत धरून येणाऱ्यांसाठी आपली दारं उघडा. चौऱ्याऐंशीपैकी एकाहत्तर घरांनी सह्या केल्या. माझ्याच टेबलावर केल्या, माझ्याच पेनाने केल्या, आणि तीन पेनं घेऊन गेले ते आजतागायत परत आलेली नाहीत. गॅलरीवरच्या कापडावर लिहिलं, ‘गप्प बसणं म्हणजे होकार नव्हे.’ ते बांधताना तत्त्वतः खाली उभे राहून ‘डावीकडे घ्या, अजून डावीकडे’ सांगत होते आणि वॉचमन शिडीवर होता.

मग सभा भरली. सभेत त्या देशातून आलेलं कुणीतरी हवं, नाहीतर बातमीदार येत नाहीत. डॉक्टरीणबाईंनी निर्वासितांच्या कक्षातून एक बाई मिळवून आणली. पस्तिशीची असेल. अंगात दुसऱ्या कुणाचा तरी कोट, बाह्या दोनदा दुमडलेल्या. तिला स्टेजवर मधोमध खुर्ची दिली. माइक हातात दिला आणि डॉक्टरीणबाईंनी अगदी हळवा आवाज काढून विचारलं, ‘बॉम्ब पडले तेव्हा तुम्हाला काय वाटलं?’

त्या बाईने माइक दोन्ही हातांनी नीट धरला. मग म्हणाली, ‘सदर प्रसंगी मोठा आवाज झाला.’

सभागृहात चुळबुळ झाली. नंतर कळलं ते असं, की ती तिकडच्या बंदराच्या ऑफिसात बारा वर्षं कारकून होती. आपल्या जहाजांच्या पावत्या लिहायची, आपल्या कंपन्यांना पत्रं पाठवायची. आपली भाषा ती त्या पत्रांतून शिकली. जेवणाची, भांडणाची, लाडाची भाषा तिच्या कानावर कधी आलीच नव्हती. जे काही बोलायचं ते ती सरकारी पत्रासारखं बोले. लोकांना रडायचं होतं आणि रडता येईना, म्हणून बहुतेकांचा विरस झाला. टाळ्या मात्र भरपूर पडल्या. फोटो निघाले. कॉफी पिऊन सगळे आपापल्या लिफ्टने वर गेले आणि तिला परत कोण सोडणार हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

मी सभागृह बंद करायला गेले तर ती एकटी खुर्च्या एकात एक घालून ठेवत होती. आठ-आठच्या थप्प्या, अगदी सरळ. मी म्हटलं, ‘राहू द्या हो, ते वॉचमनचं काम आहे.’

ती म्हणाली, ‘महोदया, सदर इमारतीत रिक्त जागा उपलब्ध आहे काय?’

मला बावीस वर्षांत कुणी महोदया म्हटलं नव्हतं. मी खुर्चीवर बसले. तीही बसली आणि तिने मुद्देसूद सांगितलं. तिच्याबरोबर नऊ वर्षांची मुलगी आणि म्हातारे वडील. कक्ष म्हणजे जुना बस डेपो, तो रिकामा करणार आहेत. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत ज्यांना कुणी जागा दिल्याचं पत्र येईल त्यांनी इथे राहायचं. ज्यांना येणार नाही त्यांना बंदरावरच्या गोदामात नेणार. तिथे बायका-मुलं एका शेडमध्ये आणि पुरुष दुसऱ्या गावच्या शेडमध्ये. वडिलांना साखरेचा आजार, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही, दिवसातून दोनदा सुई टोचावी लागते आणि ती हीच टोचते.

‘त्यांना सुईवरील आकडे वाचता येत नाहीत,’ ती म्हणाली. ‘कमी-जास्त झाल्यास जीवितहानी संभवते.’

आपल्या बापाच्या मरणाला तिच्याकडे एवढाच शब्द होता.

आमच्या तळमजल्यावर जुन्या केअरटेकरचं घर आहे. दोन खोल्या, मोरी, खिडकी. केअरटेकर गेला त्याला चार वर्षं झाली. आता तिथे लोकांच्या नको झालेल्या वस्तू राहतात. व्यायामाची सायकल, हवा गेलेला मुलांचा रबरी तलाव, डॉक्टरीणबाईंची जुनी खुर्ची, तत्त्वतःंच्या नियतकालिकांचे गठ्ठे. मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे गेले.

‘तत्त्वतः काहीच प्रश्न नाही,’ ते म्हणाले. ‘किंबहुना आपण निवेदनात तेच म्हटलंय. पण बाई, निवेदनातली दारं म्हणजे देशाची दारं. व्यापक अर्थाने.’

‘सर, आपलं दार देशातच आहे,’ मी म्हटलं.

त्यांनी संध्याकाळी पाचसहा जणांना बोलावलं. मी चहाचे कप मांडत ऐकत होते. एकेकाची अक्कल काय वर्णावी! एकजण म्हणाला, ड्रेनेजवर ताण येईल. तीन माणसांनी! त्याच्या स्वतःच्या घरात सातजण आहेत आणि तीन बाथरूम. एकीला काळजी, की मुलांच्या सायकली कुठे ठेवायच्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, ‘तिला काय काय येतं? साफसफाई वगैरे करेल का?’ जणू जीव वाचवायची मुलाखत ठेवली होती आणि उमेदवार जरा कच्चा निघाला होता. एकाने फार खोल विचार करून सांगितलं, की एकाला दिलं तर बाकीच्यांवर अन्याय होईल. बाकीच्यांना तो काय देणार होता ते त्याने सांगितलं नाही.

फक्त एक माणूस सरळ बोलला, कर्नल. तो कर्नल नव्हेच. लष्करात बूट आणि तंबू वाटायच्या खात्यात होता, पण मिशा तशा आहेत म्हणून कर्नल. निवेदनावर सही न करणाऱ्या तेरांपैकी एक. तो म्हणाला, ‘माझा साफ नकार आहे. आपले वैमानिक त्यांच्या देशावर लढतायत आणि आपण त्यांनाच खालच्या मजल्यावर ठेवायचं? कारवाई योग्य आहे, लोकांना विचारत बसलं तर कुठलंच सैन्य हलणार नाही.’

सगळ्यांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की जणू त्याने गालिच्यावर चिखलाचे पाय दिले. आणि मग त्याच्याच मताचा निर्णय घेतला, फक्त शब्द धुऊन घेतले. विषय अत्यंत महत्त्वाचा असल्याने तो सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा. सभा कधी? तीन महिन्यांनी. भिजत घोंगडं ठेवायचं तर ते कसं ठेवावं हे आमच्या इमारतीकडून शिकावं.

माझं डोकं फिरलं. ऑफिसात येऊन मी नोटीस टाइप केली. विषय एक, पाण्याची टाकी धुण्याबाबत. विषय दोन, गाड्यांच्या रेषा नव्याने रंगवण्याबाबत. विषय तीन, लिफ्टच्या आरशाबाबत. विषय चार, केअरटेकरचे रिक्त घर एक वर्षासाठी तीन जणांच्या निर्वासित कुटुंबास राहण्यास देण्याबाबत. चारही विषय एकाच टाइपात, एकाच आकारात. मी काही लपवलं नाही. फक्त मला माझी माणसं माहीत होती. तत्त्वतः सकाळी फिरायला निघाले तेव्हा मी रोजच्यासारखे कागद पुढे केले. त्यांनी रोजच्यासारख्या सह्या केल्या. एका सहीच्या वेळी ते फोनवर कुणाला तरी सांगत होते, ‘लोकांना अंधारात ठेवून निर्णय घेणं हाच खरा गुन्हा आहे.’

नोटीस शुक्रवारी सकाळी बोर्डावर लागली. मुदत पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत, आणि त्याच्या दुसऱ्या दिवशीचा शुक्रवार म्हणजे तिचा शुक्रवार. मी सरकारसारखंच वागले, हे मला ठाऊक होतं. मला त्याचं काही वाटलं नाही, उलट मजा वाटली. त्यांनी अशाने बॉम्ब टाकले, मी अशाने एक म्हातारा वाचवणार होते.

पाच दिवस बोर्डासमोरून चौऱ्याऐंशी घरं आली आणि गेली. बुधवारी लिफ्ट अडकली. डॉक्टरीणबाईंना खाली ताटकळत उभं राहावं लागलं आणि करायला काही नाही म्हणून त्यांनी नोटीस वाचली.

पंधरा मिनिटांत माझ्या ऑफिसात पाय ठेवायला जागा उरली नाही. ‘हा काय प्रकार आहे?’ ‘आम्हाला विचारलं कुणी?’ ‘असं परस्पर कसं ठरतं?’ तत्त्वतः लालबुंद होऊन म्हणाले, ‘बाई, ही माझी फसवणूक आहे!’

‘सर, सही तुमचीच आहे ना?’

‘सही आहे. वाचायचं राहिलं.’

मी कपाटातून वही काढली, कोरं पान उघडलं, पेन ठेवलं. ‘मुदत उद्या सहापर्यंत आहे. एक हरकत आली तरी विषय सभेपुढे जाईल. कुणाची आहे? नाव, घर क्रमांक, कारण.’

इतकी गर्दी होती आणि त्या टेबलापुढे एकदम मोकळी जागा झाली.

‘मी तोंडी सांगते ना,’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

‘तोंडी चालत नाही, मॅडम. तुम्हीच त्या सरकारला म्हणताय ना, की खासदारांची मंजुरी लेखी दाखवा?’

‘सगळ्यांच्या वतीने लिहा. रहिवाशांची हरकत, असं.’

‘रहिवासी नावाचं घर नाही आपल्याकडे. क्रमांक लागतो.’

त्यांची अडचण मला कळत होती आणि त्याचा मला आनंद होत होता, खोटं कशाला बोलू. निवेदनावर सही करून तीन आठवडे झाले होते. शनिवारी एक बातमीदार बाई येणार होती, ‘युद्धाला नाही म्हणणारी इमारत’ म्हणून लिहायला. आणि वही कुणालाही दाखवावी लागते. ड्रेनेजवाल्याने पेन उचललं, निब तपासलं, चांगलं आहे म्हणाला आणि ठेवलं. सायकलवाल्या बाईला अचानक गॅसवर काहीतरी ठेवल्याचं आठवलं. तत्त्वतः म्हणाले, की अध्यक्षाने तटस्थ राहायला हवं. एकेक करून सगळे पांगले. जाताना प्रत्येकजण दुसऱ्याला सांगत होता, ‘तू लिही, मी आहे तुझ्या मागे.’ मागे उभी राहायला एकाहत्तर घरं तयार होती.

त्यांनी शेवटी डोकं चालवलं. तेराजणांतले बाकीचे बारा कशातच नसतात. उरला कर्नल. त्याचा विरोध तर जगजाहीर, त्याचं नाव आलं तर कुणाला काही वाटणार नाही, आणि बाकीच्यांना ‘एका माणसामुळे राहिलं हो’ म्हणून हळहळता येईल. गुरुवारी दुपारी डॉक्टरीणबाई आणि तत्त्वतः त्याच्या घरी जाऊन आले. जो माणूस लिफ्टमध्ये भेटला तर हे दोघे जिन्याने जायचे, त्याच्या घरी!

साडेपाचला कर्नल ऑफिसात आला. हा लिहिणार, ह्याला कुणाची भीडभाड नाही. तो बसला, चष्मा लावला, वही पुढे ओढली आणि मागची अकरा पानंही वाचली. कुत्र्यांची सगळी.

‘किती माणसं?’ त्याने विचारलं.

‘तीन. म्हातारे वडील, ती आणि मुलगी.’

‘म्हातारा चालतो-फिरतो?’

‘दिसत नाही त्यांना. गोदामात पाठवलं तर वेगळं ठेवतील.’

‘त्याच्याशी मला देणंघेणं नाही,’ कर्नल म्हणाला. ‘माझं मत बदललेलं नाही, समजलं? पण आज दुपारी माझ्या सोफ्यावर बसून ती दोघं मला काय म्हणाली माहितेय? तुमच्यासारखा स्पष्ट माणूस दुसरा नाही. गेली तीन वर्षं मला नमस्कारसुद्धा करत नाहीत. ह्यांना घाण करायची आहे आणि हात माझे हवेत.’ त्याने वही माझ्याकडे ढकलली. ‘अशा लोकांसाठी मी एक ओळ लिहिणार नाही. लिहायचं तर त्यांनी लिहावं.’

तो उठला आणि जिन्याने वर गेला. मला त्याच्याबद्दल आदर वाटला असं नाही. तो तसा निर्दय माणूस आहे. पण निदान स्वतःच्या निर्दयपणावर स्वतःचं नाव लिहितो.

सहा वाजले. मी कोऱ्या पानावर तिरपी रेघ ओढली, ‘हरकत नाही’ लिहिलं, शिक्का मारला. पत्र टाइप करत होते तेवढ्यात तत्त्वतः आले. पान बघितलं आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला. माझ्याच टेबलावरचा फोन उचलून त्यांनी त्या बातमीदार बाईंना लावला. ‘तत्त्वतः आम्ही नुसतं बोलणारे नाही,’ ते म्हणाले. ‘इमारतीने एका कुटुंबाला घर दिलंय. हो, हो, एकमताने!’ मी त्यांच्यासमोर पत्र धरलं. सही करताना त्यांनी या वेळी ते वाचलं, आणि ‘मानवतेच्या भूमिकेतून’ हे शब्द पेनाने वर घातले.

शुक्रवारी सकाळी मी पत्र आणि वही घेऊन डेपोत गेले. आत बसगाड्यांच्या खड्ड्यांवर फळ्या टाकल्या होत्या आणि फळ्यांवर गाद्या. माझी चाल अगदी ऐटीत होती, हे मला आठवतं. बाहेर दोन बस उभ्या होत्या. बायका-मुलांच्या सामानाला पिवळ्या चिठ्ठ्या, पुरुषांच्या सामानाला निळ्या. ती बाई, तिची मुलगी आणि वडील एका बाकावर बसले होते. म्हाताऱ्याच्या मांडीवर पिशवी होती आणि पिशवीला निळी चिठ्ठी. तो त्या चिठ्ठीवरून बोटं फिरवून ती काय आहे ते पाहत होता.

तिने पत्र कारकुनासारखं वाचलं. आधी जावक क्रमांक, मग तारीख, मग सही, मग मजकूर. मग म्हणाली, ‘ठरावाची प्रत?’

मी वही उघडून दाखवली. रेघ, शिक्का, कोरं पान. तिने पान उलटून मागची बाजूही पाहिली.

‘होकार कुणाचा आहे?’ तिने विचारलं.

‘सगळ्यांचा. कुणी हरकत घेतली नाही.’

‘होकार देणाऱ्याचे नाव?’

‘तसं नाव नसतं हो. पद्धत आहे ती आमची.’

‘पद्धत मला ज्ञात आहे,’ ती म्हणाली. चेहऱ्यावर राग नव्हता.

टेबलामागच्या अधिकाऱ्यानेही तेच धरलं. चांगला माणूस होता, पण थकलेला. ‘पत्र ठीक आहे,’ तो म्हणाला. ‘पण फॉर्मात हा रकाना बघा. जागा काढून घेतली तर पर्यायी पत्ता. इथे एका माणसाचं नाव लागतं. मागच्या महिन्यात चौदा कुटुंबं परत आली. सगळ्यांकडे पत्र होतं, शिक्का होता. माणूस नव्हता. नावाशिवाय मी ह्यांना बसच्या यादीतून काढू शकत नाही.’

अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. मी तत्त्वतःंना फोन लावला. ‘माझं एकट्याचं नाव कशाला?’ ते म्हणाले. ‘एकमताने दिलंय ना आपण? मग एकाचं नाव घालणं तत्त्वतः चूक ठरेल.’ डॉक्टरीणबाईंनी फोन घेतलाच नाही. मी फोन ठेवला आणि त्या दोघांच्या नावाने मनातल्या मनात जे काही येतं ते सगळं म्हणून घेतलं.

वळून पाहते तर ती माझ्याकडे बघत होती. ‘महोदया, आपले नाव?’

‘माझं कसं चालेल? मी तिथे राहत नाही. मी फक्त ऑफिस.’

‘तुम्ही राहता तिथला पत्ता चालेल,’ अधिकारी म्हणाला. ‘उलट तोच हवाय.’

आता एक गोष्ट सांगते. इतका वेळ ती सांगितली नाही, कारण सगळ्यांचं सांगण्याच्या भरात ती सोयीस्करपणे मागे राहिली. माझं दोन खोल्यांचं घर आहे. मी एकटी राहते. दुसऱ्या खोलीत माझी थोरली बहीण राहायची. ती गेल्यापासून त्या खोलीला कडी आहे. आत पलंग आहे, गादी आहे, कपाट आहे. आठवड्यातून एकदा मी कडी काढून केर काढते आणि परत लावते. सभागृहात ही बाई माझ्याशी पहिल्यांदा बोलली, त्याच दिवशी घरी जाताना ती खोली माझ्या मनात आली होती. नाही असं नाही. मग मला तळमजल्यावरचं केअरटेकरचं घर सुचलं, आणि किती बरं वाटलं होतं ते आता आठवतं.

मी बोलायला लागले. चार मजले आहेत, लिफ्ट नाही. वडिलांना जिने झेपायचे नाहीत. पाणी फक्त सकाळी येतं. खोलीत बहिणीचं सामान आहे, ते आवरायला वेळ लागेल. शिवाय घरमालकाला विचारावं लागेल. मी बोलत होते आणि माझा आवाज मला ओळखीचा वाटत होता. ड्रेनेजवाला माझ्याच तोंडून बोलत होता, सायकलवाली बोलत होती, सगळे रांगेने बोलत होते.

तिने मला पूर्ण बोलू दिलं. मग फॉर्म माझ्याकडे वळवला आणि त्यावर पेन ठेवलं. ‘कारणे समजली,’ ती म्हणाली. ‘लेखी देणार काय?’

टोमणा मारायला लागणारे शब्द तिच्याकडे नव्हते. ती खरंच विचारत होती. बाहेर एका बसचं इंजिन सुरू झालं आणि म्हाताऱ्याने पिशवी छातीशी धरून मान त्या दिशेला वळवली.

मी रकान्यात माझं नाव लिहिलं. पूर्ण नाव. पत्ता, मजला, दाराचा क्रमांक. लिहिलं ते कणवेने नाही, रागाने. बारा वाजायला दहा कमी असताना अधिकाऱ्याने शिक्का मारला आणि स्वतः उठून निळी चिठ्ठी कात्रीने कापली. मुलीने आजोबांना कानात काहीतरी सांगितलं. म्हातारा हसला आणि त्याने अंदाजाने माझ्या बाजूला नमस्कार केला. मी नव्हते त्या बाजूला.

ती फॉर्म वाचत होती. नाव, पत्ता, मग अधिकाऱ्याने विचारून भरून घेतलेला खालचा रकाना. पर्यायी जागा, एक खोली, रिक्त.

‘सदर खोली,’ तिने मान वर करून विचारलं, ‘कधीपासून रिक्त आहे?’

‘सहा वर्षं,’ मी म्हटलं.

तिने मान हलवली. रागावली नाही, आभारही मानले नाहीत. एका हाताने वडिलांना उठवता उठवता तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं. ती नजर मला चांगलीच ओळखीची होती. बावीस वर्षं जिन्याखाली बसून मी त्या चौऱ्याऐंशी घरांकडे तशीच बघत आले आहे.